आज भवानी झाली का? (एकट्यानं धंदा करणाऱ्या लिहित्या-रंगवत्या मंडळींसाठी)

बोरूवाली | सोमवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी,

डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला सकाळी आठच्या आतच भाजीवाल्या येऊन बसतात. त्यातल्या एका मावशींकडून मी गेली सहा वर्षं भाजी घेते. गेल्या मंगळवारी मी त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होते. दहा रुपयांची कोथिंबीर, बाकी काही नाही. मी दहाची नोट पुढे केली. त्यांनी ती आधी तराजूच्या पारड्याला लावली, मग कपाळाला, मग पालकाच्या जुड्यांवरून एकदा फिरवली आणि मगच कमरेच्या पिशवीत टाकली. न मागता वर चार मिरच्या घातल्या. म्हणाल्या, "झाली बाई भवानी. आता काळजी नाही."

दहा रुपयांत काळजी मिटते कशी, हे मी घरी येईपर्यंत घोळवत होते.

मी जाहिराती लिहिते. नऊ वर्षं एजन्सीत काढली, २०१९ साली नोकरी सोडली, तेव्हापासून घरच्या टेबलावरच दुकान. लोणची-मसाले करणाऱ्या दोन बायका, एक दातांचे डॉक्टर, एक शिकवणी वर्ग, दिवाळी आली की मिठाईवाले, अशी माझी गिऱ्हाइकं. नोकरी सोडताना जो तो पगाराची भीती घालतो. पगाराची सवय वर्षभरात सुटली. दिवस आपोआप सुरू होण्याची सवय मात्र सुटायला फार वेळ लागला. ऑफिसात चहाचा कप हातात यायचा, शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "अगं, ती हेडलाइन कुठाय?" म्हणायचं, की झाली गाडी सुरू. घरी दिवस कुणी सुरू करून देत नाही. मशीनला कपडे लागतात, कुरियरवाला येतो, व्हॉट्सॲप वाजत राहतं, आणि फाइल उघडते तेव्हा बारा वाजलेले असतात. मग उरलेला दिवस त्या बाराच्या हळहळीत जातो.

स्फूर्ती यावी म्हणून मी पुष्कळ गोष्टी केल्या आहेत. पहाटे चालायला जाणं, चांगलं वाचणं, जुन्या जाहिरातींची कात्रणं चाळणं. हे सगळं मला आवडतं आणि मी ते सोडणार नाही. पण मावशींचा क्रमच वेगळा आहे. त्या आधी पहिला व्यवहार करतात, उमेद त्यांना त्यातून मिळते. म्हणून बुधवारपासून मी स्वतःला सांगितलं की दहाच्या आत माझीही भवानी झाली पाहिजे.

भवानी म्हणजे काय, तर छोटंसं काहीतरी जे माझ्या हातातून निघून दुसऱ्याच्या हातात गेलं. मनात ठरवलं, वहीत टिपलं, हे धरायचं नाही. माल फळीच्या पलीकडे गेला पाहिजे.

बुधवारी लिंबाच्या लोणच्याच्या बरणीसाठी तीन ओळी लिहून पाठवल्या. गुरुवारी गल्लीतल्या रद्दीवाल्याची हातानं लिहिलेली पाटी फोटो काढून एका चित्रकार मैत्रिणीला पाठवली, सोबत "यातला 'द्द' बघ" एवढंच. तिचा दहा मिनिटं फोन. शुक्रवारी अकरा दिवस अडकून राहिलेलं दरपत्रक पाठवून दिलं. शनिवारी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या "कृपया चपला बाहेर काढाव्यात" या कागदाऐवजी नवा कागद छापून दिला. तो बिलात नव्हता. पण बाहेरच्या बाकावर बसलेली एक लहान मुलगी तो मोठ्यानं वाचत होती, ते ऐकून मी घरी आले आणि दुपारी चारपर्यंत टेबलावरून उठले नाही.

मावशींची दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. पहिल्या गिऱ्हाइकाशी त्या घासाघीस करत नाहीत. एरवी पंधराची जुडी बारालाही न देणाऱ्या मावशी भवानीला दहाला देतात. दिवसाच्या पहिल्या कामाशी आपणही घासाघीस करू नये. हे वाक्य बरं आहे का, हा शब्द बदलू का, हे दुपारी. सकाळी द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

तर मंडळी, तुमची भवानी कशी होते? रोज इथे येऊन एक ओळ टाकली तरी चालेल.

---

अर्धविराम | सोमवार, ९:५८

धागा वाचला आणि गेल्या गुरुवारपासून ड्राफ्टमध्ये पडलेला मेल पाठवला. ९:५२ ला. झाली भवानी.

---

जुना ब्रश | सोमवार, ११:३०

बोरूवालीताई, फार मनापासून लिहिलंत. मी कोल्हापूरचा. वडील पेंटर. आमच्याकडे पेंटर ही पदवीच आहे, आडनावाच्या जागी लागते. चित्रपटकार बाबूराव पेंटरांचं गाव हे, त्यामुळे त्या शब्दाला मान आहे.

वडिलांची भवानी सांगतो. सकाळी दुकान उघडलं की रंगाचे डबे उघडायच्या आधी ते एका जुन्या पत्र्यावर चपट्या ब्रशनं एक रेघ ओढायचे. आडवी, डावीकडून उजवीकडे, एका दमात. तीच शिरोरेषा. हाताखाली काठी, श्वास धरलेला, डोळा ब्रशच्या पुढे दोन बोटं. रेघ सरळ आली की म्हणायचे, "चला, हात आला." वाकडी आली तर पुसून परत. तिसऱ्या रेघेपर्यंत हात यायचाच. त्या पत्र्यावर वर्षानुवर्षांच्या रेघांचा इतका थर बसला होता की तो वाजवला तर लाकडासारखा आवाज यायचा. तो पत्रा आजही माझ्या टेबलामागे आहे. मी संगणकावर काम करतो, पण सकाळी कागदावर एक शिरोरेषा ओढतो आणि तिच्याखाली आज ज्याचं काम आहे त्या दुकानाचं नाव लिहितो.

ताईंची अट आहे की माल पलीकडे गेला पाहिजे. माझी रेघ कुठेच जात नाही. तरी ती मी भवानीत धरतो, कारण वडिलांचा दिवस तिनं सुरू व्हायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

धाग्यावर अक्षरांचा विषय निघालाच आहे तर एक सांगायचंय. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ते दोन महिने आम्हाला जेवायला फुरसत नव्हती. शाहूपुरीतल्या एका दुकानदाराच्या नावात दोनदा 'श' होता. संगणकावरून काढलेल्या नमुन्यात तो हिंदी वळणाचा, गाठीचा आला. त्यांना काहीतरी खुपत होतं, काय ते सांगता येत नव्हतं. मी देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' घालून दाखवला. म्हणाले, "आता आमचं वाटतंय." लेआउटच्या प्रोग्राममध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली तर पुष्कळ चांगल्या फॉन्टमध्ये ही अक्षरं आपोआप बदलतात. हे ठाऊक नसलेले डिझायनर मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आणि ज्यांना फॉन्ट विकत घेणं जड जातं त्यांच्यासाठी: मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' हे मोफत आहेत, धंद्याच्या कामालाही वापरता येतात. 'मोदक' हेडिंगला लावून बघा. एवढी गुबगुबीत देवनागरी बघून कुणाचीही सकाळ चांगली जाईल.

---

बोरूवाली | सोमवार, ११:४५

दादा, रेघ धरली. अट मागे.

"हात आला" हे मी भिंतीवर लिहून लावतेय.

---

अर्धविराम | सोमवार, दुपारी १२:२०

जुना ब्रश, अक्षरांवरून र. कृ. जोशी आठवले. कवी, अक्षरकार आणि शिवाय जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक. विंडोजवर इतकी वर्षं आपण ज्यात मराठी वाचली तो 'मंगल' फॉन्ट त्यांचा. जाहिरातीत काम करणाऱ्या माणसाची अक्षरं घरोघरी, तलाठ्याच्या ऑफिसापासून माझ्या ड्राफ्टमधल्या मेलपर्यंत पोचली. कंटाळा आला की मी हे मनात आणतो.

---

गोलाईचा आवाज | सोमवार, संध्याकाळी ७:१५

लातूरहून. मी रिक्षावरच्या जाहिरातींना आवाज देतो. साड्यांचा सेल, नवीन हॉटेल, आरोग्य शिबिर, कीर्तन सप्ताह, सगळं. घरातल्या कपाटात गाद्या लावून रेकॉर्डिंग.

माझी उमेद गंजगोलाईत आहे. सोळा रस्ते एका गोल बाजारात येऊन मिळतात आणि मध्ये देवीचं मंदिर. माझ्या आवाजाची रिक्षा तिथे गोल फिरते. पहिली दोन वर्षं मी घरात बसून "भव्य दिव्य" वगैरे म्हणत होतो. मग एक दिवस गोलाईत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःची जाहिरात ऐकली. रिक्षा समोरून जाताना माणसाला जेमतेम दोन वाक्यं कानावर पडतात. मी दुकानाचं नाव शेवटी ठेवलेलं, ते पुढच्या दुकानदाराला ऐकू जायचं. माझ्या पायरीवरच्या माणसाला फक्त "खास आपल्यासाठी" एवढंच कळलं. त्या दिवसापासून नाव पहिल्या वाक्यात, ठिकाण दुसऱ्यात, आणि परत नाव. मधे दम घ्यायची जागाही बदलली.

आता आठवड्यातून एकदा त्या पायरीवर जाऊन बसतो. भांडेवाले काका चहा सांगतात. तिथे लसूणवाल्या बायकांचं ओरडणं ऐकावं. एक बाई "लसूण" म्हणतच नाही, नुसतं "गावराऽऽन" म्हणते. माल समोर दिसतोय, मग नाव कशाला, गुण सांगावा. हे मला कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नसतं.

आजची भवानी: एका शिबिराची जाहिरात, फुकट. डोळे तपासणीची होती.

---

रोखठोक | सोमवार, रात्री १०:०५

सगळ्यांचं वाचलं, चांगलं वाटलं. पण एक बोलतो, राग मानू नका. मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. माझी उमेद सकाळी जात नाही, ती महिन्याच्या पाच तारखेला जाते. काम वेळेवर दिलं, मालकांनी वाखाणलं, बिल दिलं, आणि आज ९७ दिवस झाले. फोन केला की "अकाउंट्सला पाठवलंय". भाजीवाल्या मावशींना दहा रुपये हातोहात मिळाले. आम्हाला दिवसभर कोथिंबीर देऊन नोट दिवाळीला मिळते. यावर काय भवानी करायची?

---

हिशेबाची वही | मंगळवार, सकाळी ८:४०

रोखठोक, तुमचा प्रश्न मूळ विषयाइतकाच महत्त्वाचा आहे. मी लहान धंदेवाल्यांचे हिशेब बघते, म्हणून माहीत आहे ते सविस्तर लिहिते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव, केली आहे का? सरकारी संकेतस्थळावर होते, आधार आणि पॅन लागतं, एक पैसाही लागत नाही. कुणी पैसे मागत असेल तर तो दलाल समजा. सेवा देणारेही यात येतात, कारखानाच हवा असं नाही. नोंदणी असली की २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा तुमच्या पाठीशी उभा राहतो. लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रारीसाठी सरकारी पोर्टलही आहे.

शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर समोरच्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. म्हणजे मार्च जवळ आला की त्यांच्याच हिशेबनिसाला तुमची आठवण येते.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी करायला लावते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. काम सुरू करण्याआधी मेलवर दोन ओळींत मुदत लिहून घ्या. आणि अर्धी रक्कम आगाऊ. आगाऊ मागायला लाजू नका. शिंपीसुद्धा मापं घेताना काहीतरी ठेवूनच घेतो.

नोंदणी आधीची असावी लागते, मागच्या बिलांना तिचा आधार मिळेल असं धरून चालू नका. त्या ९७ दिवसांसाठी आधी शांतपणे लेखी स्मरणपत्र द्या, तारखा आणि बिल क्रमांकासकट. आणि पुढच्या कामासाठी आज नोंदणी करा. ती आजची भवानी.

---

रोखठोक | मंगळवार, ११:१०

नोंदणी झाली. चहा गार व्हायच्या आत झाली. धन्यवाद ताई. स्मरणपत्रही पाठवलं.

---

म्हापशेकार | मंगळवार, दुपारी ३:३०

गोव्याहून नमस्कार. मी होमस्टेवाल्यांचं, छोट्या खानावळींचं सोशल मीडिया बघते. हिशेबाच्या ताईंनी दराचा विषय काढला म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून शिकलेलं सांगते.

मी तासावर पैसे घेत होते. गिऱ्हाईक विचारायचं, एका पोस्टला दोन तास कसे लागले? आणि मी समजावत बसायची. एकदा मासळीवाल्या मावशीसमोर उभी होते. तिनं बांगड्यांचे वाटे लावले होते. पाच-पाचचा एक वाटा, नीट रचलेला, डोकी एका बाजूला, वर पाणी मारून चकचकीत केलेला. "वाटा शंभराला." संपलं. बांगडा किती ग्रॅमचा, होडी किती वाजता आली, कुणी विचारत नाही. वाटा दिसतो, आवडतो, घेतात. आणि कुणी रेंगाळलं की ती वर एक बांगडा टाकते, भाव कमी करत नाही. भाव तोच, वाटा मोठा. हे बघून मी तिथेच थांबले, माझ्या मागची माणसं पुढे गेली.

घरी येऊन माझे वाटे लावले. चार फोटो, एक रील, त्यांच्या ओळी, हा एक वाटा, एक किंमत. पावसाळ्याचा वाटा वेगळा, डिसेंबरचा वेगळा. कुणी कां-कूं केलं तर वर एक स्टोरी टाकते. भाव उतरवत नाही. तेव्हापासून दरावरून कुणाशी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

माझी रोजची भवानी पोदेराची, म्हणजे आमच्या पाववाल्याची. सकाळी सायकलचा भोंगा वाजला की खाली जायचं, पाव घ्यायचे आणि वर येऊन पाव गरम आहेत तोवर एका गिऱ्हाइकाची एक ओळ लिहून पाठवायची. पाव गार झाले की वेळ संपली.

---

गोलाईचा आवाज | मंगळवार, ४:०५

"भाव तोच, वाटा मोठा." वा! उद्यापासून तीन जाहिरातींचा एक वाटा, वर एक मोबाइलची कॉलरट्यून.

---

एल्बेकाठी | मंगळवार, रात्री ११:४०

हांबुर्गहून लिहितेय. मूळची साताऱ्याची, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. म्हापशेकार, तुमचा वाटा वाचून हसू आलं, कारण इथेही तेच आहे. दर रविवारी इथे मासळी बाजार भरतो, १७०३ पासूनचा. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू आणि साडेनऊला बंद. तिथले विक्रेते एका पिशवीत मासे भरत जातात, किंमत तीच, आणि ओरडत राहतात की अजून एक टाकतो, अजून एक! लोक तुम्ही म्हणता तसेच थांबतात. मला तिथे साताऱ्याच्या मंडईत उभं असल्यासारखं वाटतं.

रोखठोकांसाठी म्हणून सांगते. इथे स्वतंत्र काम करणाऱ्या कलाकारांसाठी १९८३ पासून एक सामाजिक निधी आहे, क्युन्स्टलर-सोत्सियालकासे. आजारपणाचा विमा आणि पेन्शन यांच्या हप्त्यातला अर्धा भाग आम्ही भरतो, नोकरदार भरतात तसा. उरलेल्यातला मोठा वाटा, ३० टक्के, आमच्याकडून काम करून घेणाऱ्या संस्थांकडून येतो आणि २० टक्के सरकारकडून. चित्रकार, लेखक, संगीतकार, डिझायनर सगळे यात येतात. त्यात नाव लागलं त्या दिवशी मी आईला साताऱ्याला फोन करून सांगितलं की मला इथे "कामकरी" म्हणून धरलंय. ती म्हणाली, "मग होतीसच की." तिला यात काय नवल ते कळेना. मला मात्र फार बरं वाटलं होतं. आपण करतो ते काम आहे, हे कुणीतरी कागदावर मान्य करणं यात पुष्कळ उमेद असते. आपल्याकडेही असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

---

रंगपेटी | बुधवार, सकाळी ८:०५

मी या धाग्याची फक्त वाचक होते. २४ वर्षांची आहे, नाशिकला असते. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली, आता चित्रं काढते, पॅकेटवरची, लेबलवरची. म्हणजे काढायची आहेत. पहिल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या बहिणीची लग्नपत्रिका मिळाली. त्यानंतर काही नाही. तुम्ही सगळे भवानी म्हणताय, पण तुमच्याकडे गिऱ्हाईक आहे. जिच्या टोपलीसमोर कुणी उभंच राहत नाही तिनं काय करायचं? रोज सकाळी चित्र काढते, ते कुणाकडे पाठवू हेच कळत नाही. घरच्यांना मी सांगितलंय की सगळं ठीक चाललंय.

---

जुना ब्रश | बुधवार, ८:३०

रंगपेटी, पोरी, आधी हे लिहिलंस ते चांगलं केलंस. वडिलांचा पत्रा आठव. हात येत राहू दे. चित्रं इथे टाक, आम्ही बघतो.

---

हिशेबाची वही | बुधवार, ८:५५

रंगपेटी, लिज्जतची सुरुवात आठव. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या चाळीत सात बायका, ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. चार. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. पहिलं गिऱ्हाईक ओळखीतलंच असतं, त्यात कमीपणा काही नाही. मैत्रिणीच्या बहिणीची पत्रिका हे तुझं भुलेश्वर.

---

बोरूवाली | बुधवार, ९:२०

रंगपेटी, तुझा प्रश्न वाचला आणि पिशवी घेऊन तडक स्टेशनवर गेले. मावशींना विचारलं, "अकरापर्यंत कुणी आलंच नाही तर?"

त्या मटार सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "असं होतं ना. पावसात तर होतंच." मग हातातली शेंग शेजारच्या लिंबूवालीकडे केली. "मग ही माझ्याकनं पाच रुपयाचं आलं घेते. न्हाय तर मी हिची लिंबं घेते. भवानी करून द्यायची एकमेकींची. तिची झाली की गिऱ्हाईक सुटतं."

लिंबूवाली म्हणाली, "आणि लिंबं खरंच लागतात घरी. उगा नाय घेत."

सहा वर्षं मी त्या रांगेत भाजी घेतेय आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्या एकमेकींच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून असतात. एकाच रांगेत, एकच माल. तर त्यांच्यात हा व्यवहार रोज चालू आहे, कुणाच्या लक्षात न येता.

तर ऐक. माझ्या मसालेवाल्या गिऱ्हाइकाच्या हिरव्या मिरचीच्या ठेच्याचं लेबल अडलंय. फोटो लावून बघितले, बरणीवर मेलेले दिसतात. मला एक मिरची हवी आहे. एकच, देठासकट, किंचित वाकडी, चकाकणारी. हातानं रंगवलेली. पाचशे रुपये, अडीचशे आत्ता पाठवते. उद्या सकाळी दहाच्या आत दे. आणि मला खरंच लागतेय, उगा नाही घेत.

---

रोखठोक | बुधवार, ९:४५

रंगपेटी, मला एका स्वयंपाकाच्या चॅनेलसाठी सुरुवातीची पाटी हवी आहे, कढई आणि वाफ. मिरची झाली की सांग. आगाऊ देतो. ते ९७ दिवस माझ्याकडून कुणाला होणार नाहीत.

---

रंगपेटी | बुधवार, १०:१५

अडीचशे आले. मंडईत जाऊन मिरच्या घेऊन येते. वाकडी निवडून आणते.

---

एल्बेकाठी | बुधवार, दुपारी १:००

रंगपेटी, मिरचीवरचा उजेड पांढऱ्या रंगानं काढू नकोस, तिथे कागद तसाच सोड. ताजी दिसते.

---

रंगपेटी | गुरुवार, सकाळी ९:३५

पाठवली. सात मिरच्या काढल्या, पाचवी पाठवली. देठाजवळ कागद तसाच सोडलाय.

---

बोरूवाली | गुरुवार, ९:५०

मिळाली. मसालेवाल्या ताईंना दाखवली, त्यांचा फोन आला, त्या म्हणतात तोंडाला पाणी सुटलं. उरलेले अडीचशे पाठवलेत, बघ.

---

रंगपेटी | गुरुवार, ९:५३

आले. नोट नाही म्हणून फोनच पारड्याला, म्हणजे रंगांच्या ताटलीला लावला आणि मग कपाळाला. कपाळाला हिरवा रंग लागलाय. आई विचारतेय काय झालं. सांगते तिला.